मधले दोघं

तरुण वादकांचं स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोलिनहून जरा मोठा आणि खालच्या सुरातला व्हिओला आणि चेलो असा चौघांचा संच, मंचावर येतं तेव्हा पहिली दोन मिनिटं नुसती ठाकठीक चालते. कुणी खुर्ची मागे सरकवतं, कुणी स्टँड खाली करतं. चेलोवाला वाद्याच्या तळाची टोकदार दांडी जमिनीत नीट रुततेय का ते दोनदा बघतो. सूर जुळवून होतात. मग पहिलं व्हायोलिन वाजवणारी नाकाने एक छोटा श्वास घेते आणि चारही गज एकदम तारांवर उतरतात.

अशा मैफलीला मी निम्मी त्या श्वासासाठीच जाते. समोर काठी हलवणारा कंडक्टर नाही, ठेका धरून बसलेलं वाद्य नाही. लय किती, जोर किती, सगळं त्या एका श्वासात सांगून टाकायचं. सावकाश घेतला तर चाल संथ, झटक्यात घेतला तर द्रुत. अनुभवी क्वार्टेटमध्ये हा श्वास जवळजवळ दिसेनासा होतो. तरुणांचा मात्र तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू येतो, आणि मला तो तसाच आवडतो.

नजर साहजिकच पहिल्या व्हायोलिनकडे जाते, कारण बहुतेक वेळा चाल तिच्याकडे असते. कान खर्जाला गेले की चेलो सापडतो. मधले दोघं, म्हणजे दुसरं व्हायोलिन आणि व्हिओला, मात्र नेहमी राहून जातात. त्यात व्हिओला उजव्या टोकाला बसवला तर त्याची आवाजाची छिद्रं मागच्या भिंतीकडे होतात, म्हणजे बसायच्या जागेनेही बिचाऱ्यावर अन्यायच. पण मेजर की मायनर हे ठरवणारा गंधार पुष्कळदा याच दोघांपैकी एकाकडे असतो. व्हिओलाने एक बोट अर्ध्या स्वराने मागे घेतलं की अख्ख्या दालनावर ढग येतो, आणि श्रोते कौतुकाने बघत राहतात पहिल्या व्हायोलिनकडे!

1784 च्या सुमारास व्हिएन्नात एका घरगुती बैठकीत हायडन, डिटर्सडॉर्फ, मोझार्ट आणि वानहाल असे चार संगीतकार एकत्र वाजवायला बसले होते, अशी आठवण मायकेल केली या गायकाने लिहून ठेवली आहे. पहिलं व्हायोलिन हायडनकडे होतं. मोझार्टकडे होता व्हिओला. सगळ्यांच्या मधोमध बसून चारही बाजूंचं ऐकू येतं, हे त्या माणसाला कुणी सांगायची गरज नसावी.

तरुण व्यावसायिक वादकांची खरी परीक्षा इथेच असते. चौघंही काँचेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साथीने एकट्याने वाजवायची रचना, पेलण्याच्या तयारीचे. वर्षानुवर्षं शिकवणूक एकच: आवाज मोठा काढ, शेवटच्या रांगेपर्यंत पोचव. आणि आता जिन्यावरून चौघांनी कपाट उतरवताना घेतात तसा एकमेकांचा अंदाज घेत चालायचं. दुसऱ्या व्हायोलिनवाल्याचे डोळे बघा. तो स्वरलिपीकडे क्वचितच बघतो, त्याचं सगळं लक्ष चेलोवाल्याच्या उजव्या मनगटावर असतं. चालीला साथ देताना आपला आवाज किती मागे ओढायचा, हे तो आपल्यासमोर शिकत असतो. कधी जास्तच ओढतो आणि मधला भाग पोकळ होतो. पुढच्या ओळीत सावरतो. रेकॉर्डिंगमध्ये हे सगळं घासूनपुसून काढलेलं असतं, म्हणून मला रेकॉर्डिंग तेवढं रुचत नाही.

‘बेथोव्हेनची शेवटची क्वार्टेट्स पोरांनी वाजवू नयेत, त्याला वय लागतं’ असं म्हणणारे जाणकार प्रत्येक मध्यंतरात भेटतात. मला पटत नाही. मेंडेल्सोनने आपलं आठ वाद्यांचं ऑक्टेट 1825 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी लिहिलं. शूबर्ट तर एकतिसाव्या वर्षी गेलाच. आणि बेथोव्हेनच्या ओपस 131 या क्वार्टेटमध्ये (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) सात भाग न थांबता, जवळजवळ चाळीस मिनिटं वाजवायचे असतात. मध्ये सूर जुळवायला उसंत नाही, तारा उतरायला लागतात आणि बोटांनीच सांभाळून घ्यावं लागतं. त्याला वय लागत असेल, पण दमही लागतो.

शेवटी काहीतरी हलकंफुलकं हवं म्हणून पुष्कळजण हायडन निवडतात. त्याच्या 1781 च्या ओपस 33 मधलं दुसरं क्वार्टेट ‘जोक’ नावानेच ओळखलं जातं. शेवटच्या भागात चाल तुकड्यातुकड्यांनी येते, प्रत्येक तुकड्यानंतर शांतता. संपलं असं वाटून लोक टाळ्या वाजवतात आणि चाल पुन्हा सुरू! मग एक खूप लांब शांतता, आणि पहिलाच तुकडा परत, अगदी हळू. आता हा शेवट की आणखी एक सुरुवात, हे वादकांच्या चेहऱ्यावरून ओळखायला जाल तर पहिलं व्हायोलिन दाद लागू देत नाही, ती मुरलेली असते. व्हिओलावालीकडे बघावं. गज तारेवरून उचललेला, पण हात खाली आलेला नाही, आणि ओठ घट्ट मिटून ती हसू दाबतेय. तिकडे मागच्या रांगेतून कुणीतरी तिसऱ्यांदा टाळी वाजवतंच.