पेशंट काका, दम काकूंना

काका फॉलोअपला आले होते. स्टेंट बसवून बरीच वर्षं झालेली, तब्येत ठणठणीत. त्याचं निम्मं श्रेय काकूंचं. फाइल, रिपोर्ट, गोळ्यांची डबी, सगळं त्यांच्याच पिशवीत. त्या दिवशी लिफ्ट बंद होती. जिना चढून आलेले काका मजेत बोलत होते आणि काकू खुर्चीची कड धरून श्वास गोळा करत होत्या. चपलेचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत सैल केलेला, तरी पावलावर वळ.

"काकू, हे कधीपासून?"

"अहो, मला कुठे काय! वय झालं. तुम्ही यांचं बघा."

"तिचा एको नॉर्मल आहे डॉक्टर," काका म्हणाले.

तो एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट पिशवीच्या तळाशी सापडला. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदयाच्या कप्प्यातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर ढकललं जातं तो आकडा, ६२ टक्के. आकडा बरोबरच होता, पण सगळे तिथेच थांबले होते. खाली 'डावं एट्रियम (हृदयाचा डावीकडचा वरचा कप्पा) मोठं' असंही लिहिलेलं. बीपी घेतलं, १७४/६६. वरच्या-खालच्या आकड्यांत १०८ चं अंतर; एरवी ते चाळीसच्या आसपास असतं.

पुन्हा एको केला. हृदय जोरात आवळत होतं, पण नीट सैल होत नव्हतं. त्यामुळे मागचा दाब फुप्फुसांवर. बीपीतलं ते मोठं अंतर ताठर महाधमनीची खूण. महाधमनी ताठर झाली की प्रत्येक ठोक्याची लाट झपाट्याने पुढे जाते आणि आदळून परत येते. बायकांची उंची कमी, धमनी आखूड; म्हणून ती लाट हृदय अजून रक्त ढकलत असतानाच परत येऊन ठेपते आणि त्याच्यावरचा भार वाढवते. पाळी गेल्यावर हा ताठरपणा वेगाने वाढतो. काकांचा आजार एका नळीतल्या अडथळ्याचा होता, तो अँजिओग्राफीत दिसला. काकूंचा तिथे दिसलाच नसता. इजेक्शन फ्रॅक्शन शाबूत असलेलं हे हार्ट फेल्युअर बायकांमध्ये जास्त आढळतं, आणि 'गॅसेस', 'वजन', 'टेन्शन' या नावांखाली वर्षानुवर्षं खपून जातं. मला याचा खरंच राग येतो.

अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी दिली, बीपीची बदलली, सोबत एम्पाग्लिफ्लोझिन.

"ही तर शुगरची गोळी! मला शुगर नाहीये," काकूंनी लगेच पकडलं. काकांच्या गोळ्या सांभाळून नावं पाठ झालेली. २०२१ च्या मोठ्या चाचणीत या हार्ट फेल्युअरसाठीही तिचा उपयोग दिसला, हे सांगितल्यावर पटलं.

पुढच्या खेपेला सूज उतरली होती, दमही कमी. तक्रार एकच, लोणचं-पापड बंद केल्याची.