लाल गुलाबांचं हॉटेल

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या राजधानीत, नॅशव्हिलला, लोक गाणी ऐकायला येतात. मी आले ते हर्मिटेज हॉटेलची लॉबी बघायला.

वर रंगीत काचांचं छत, सगळीकडे संगमरवर. १९२० च्या ऑगस्टमध्ये इथे पाय ठेवायला जागा नव्हती. स्त्रियांच्या मताधिकाराच्या घटनादुरुस्तीला ३५ राज्यांनी मंजुरी दिली होती, ३६ वं हवं होतं आणि सगळी भिस्त टेनेसीवर होती. बाजूने असणाऱ्यांच्या कोटावर पिवळा गुलाब, विरोधकांच्या कोटावर लाल. आठव्या मजल्यावर विरोधकांकडून आमदारांना दारू पाजली जात होती, तीही दारूबंदीच्या काळात!

विरोधक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पुरुषच यायचे. इथे मात्र त्यांच्या संघटनेच्या अध्यक्ष होत्या जोसेफीन पिअर्सन. चांगल्या शिकलेल्या, कॉलेजात डीन राहिलेल्या. या मताधिकाराशी लढेन, असा शब्द त्यांनी मृत्युशय्येवरच्या आईला दिला होता. त्यांच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. पण त्यांच्या बाजूला दारूवाले होते, रेल्वे कंपन्या होत्या, बायका मत देऊ लागल्या तर बालमजुरी बंद पडेल या धास्तीने आलेले गिरणीमालक होते. आणि काळ्या स्त्रियाही मत देतील, ही भीती तर उघड उघड पसरवली जात होती. त्याचा मला आजही संताप येतो.

हॉटेलातून कॅपिटॉलची, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीची, टेकडी चढले. उन्हाने जीव नकोसा झाला होता. १८ ऑगस्टला इथेच दुरुस्ती बाजूला सारण्याच्या ठरावावर ४८-४८ अशी बरोबरी झाली. मग मूळ प्रश्नावर मतदान. २४ वर्षांचा आमदार हॅरी बर्न, कोटावर लाल गुलाब, खिशात आईचं सात पानी पत्र. मताधिकाराच्या बाजूने मत दे, असं तिने लिहिलं होतं. त्याने ‘हो’ म्हटलं आणि दुरुस्ती मंजूर झाली. मी गॅलरीत बराच वेळ बसून राहिले. पिअर्सनबाईंची आई आणि बर्नची आई, दोघी डोक्यातून जाईनात.

संध्याकाळी सेन्टेनियल पार्कमध्ये मताधिकारासाठी लढलेल्या पाच स्त्रियांचं ब्राँझ स्मारक पाहिलं. त्यातल्या फ्रँकी पिअर्स काळ्या. त्याच १९२० च्या मे महिन्यात त्या कॅपिटॉलमध्ये गोऱ्या स्त्रियांच्या सभेपुढे उभ्या राहून बोलल्या होत्या. दक्षिणेतल्या बहुसंख्य काळ्या स्त्रियांना मतपेटीपर्यंत पोचायला १९६५ चा मतदान हक्क कायदा यावा लागला. फ्रँकीबाई १९५४ मध्येच गेल्या.