एका ‘साल्ट’पायी अडलेलं भाषांतर : माझा अनुभव

एमबीबीएससाठी रशियातल्या काझानला आले तेव्हा थायरॉइडच्या गोळ्या आणि आमच्या डॉक्टरांचं पत्र सोबत होतं. व्हिसा, प्रवास, हॉस्टेल सगळं सुरळीत पार पडलं. अडलं ते या पत्राच्या रशियन भाषांतरात, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

पत्रात ‘साल्ट’ तीनदा होतं. औषधांच्या तक्त्यात ‘साल्ट’ असा रकाना, त्यात थायरॉक्सिन सोडियम. बीपी जरा वर असतं म्हणून आहारात ‘लो साल्ट’. आणि जुलाब झाले तर ओआरएस, म्हणजे ‘ओरल रिहायड्रेशन सॉल्ट्स’, त्यातही साल्ट. भाषांतर करणाऱ्या कचेरीने तिन्ही ठिकाणी ‘सोल’ लिहून टाकलं!

आपल्याकडे मेडिकलवाला “साल्ट तेच आहे, कंपनी वेगळी” म्हणतो, तेव्हा त्याला औषधातला मुख्य घटक म्हणायचा असतो. रशियनमध्ये त्याला ‘देइस्त्वुयुश्चेये वेशेस्त्वो’ म्हणतात. ‘सोल’ म्हणजे मीठ, रसायनशास्त्रातला क्षार, संगीतात आपला पंचम. आणि तिथल्या बोलीत नशेची पावडरसुद्धा. परदेशी विद्यार्थिनीच्या औषधांच्या कागदावर तो शब्द मला नकोच होता.

खिडकीवरच्या बाई शब्दकोश पुढे करून म्हणाल्या, बरोबर आहे, शिवाय नोटरीचा शिक्काही झालाय. तिथला नोटरी फक्त भाषांतरकाराची सही खरी असल्याचं प्रमाणित करतो, मजकूर तपासत नाही. पानं दोऱ्याने शिवून मागे सील लावतात. एक शब्द बदलायचा तरी शिवण उसवायची, म्हणजे सगळा कागद बाद. पुन्हा पूर्ण फी मागितली. चूक त्यांची आणि भुर्दंड मला! मी हटले नाही. शेवटी तिथल्याच औषधाच्या दुकानातून थायरॉइडची गोळी घेतली आणि आतलं माहितीपत्रक त्यांच्यासमोर ठेवलं. ‘देइस्त्वुयुश्चेये वेशेस्त्वो : लेवोतिरोक्सिन नात्रिया’ (म्हणजे आपलं थायरॉक्सिन सोडियमच) असं स्वच्छ छापलेलं होतं. मग मात्र नवं भाषांतर मिळालं, फक्त नोटरीचे पैसे द्यावे लागले. इतकं हलकं वाटलं!

आहारातल्या मिठाला ‘पवारेन्नाया सोल’ लिहून घ्या. ओआरएसला मात्र ‘सोल’चं अनेकवचन चालतं.

शिवण्याआधी कच्चा मसुदा मागून वाचाच. त्याहून सोपं म्हणजे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना ‘साल्ट’ऐवजी ‘जेनेरिक नाव’ लिहायला सांगा. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच हवं. आणि औषधात नार्कोटिक (गुंगी आणणारा) किंवा सायकोट्रॉपिक (मनावर परिणाम करणारा) घटक असेल तर डॉक्टरांच्या कागदाशिवाय निघू नका, रशियन कस्टमला तो लागतो. थायरॉइडच्या गोळ्यांना ती अट नाही.