पहिलं तिकीट पडलं!

आज सकाळपासून सर्व्हरसमोर होतो. ऑफिसच्या सपोर्टच्या पत्त्यावर आलेली मेल थेट ओएसटिकेट या तक्रारी नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन तिचं तिकीट, म्हणजे वेगळी नोंद, व्हावं, एवढंच काम. इन्स्टॉल अर्ध्या तासात झालं. मेल मात्र आत जाईना.

पोस्टफिक्स हा आमचा मेल सर्व्हर. कुठल्या पत्त्याची मेल कुठे द्यायची हे सांगणाऱ्या त्याच्या अलायस फाइलमध्ये एक ओळ लागते: या पत्त्याची मेल पाइपने पीएचपी स्क्रिप्टला दे. ओळ बरोबर, तरी प्रत्येक टेस्ट मेल बाउन्स. जेवण राहिलं. शेवटी लॉग ओळ न् ओळ वाचला तेव्हा 'परमिशन डिनाइड' सापडलं. स्क्रिप्टला लागणारी, डेटाबेसचा पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल मीच 640 केली होती, म्हणजे मालक आणि त्याचा ग्रुप सोडून कुणालाच ती वाचता येत नव्हती, आणि पोस्टफिक्स ती कमांड 'नोबडी' या जवळपास काहीच हक्क नसलेल्या युजरने चालवत होतं. पासवर्डची फाइल सगळ्यांना उघडी करणं मनाला पटेना. पण अलायस फाइलचा मालक रूट, म्हणजे सगळे हक्क असलेला मुख्य युजर, नसेल, तर कमांड त्या मालकाच्या हक्काने चालते. म्हणून वेगळी अलायस फाइल केली आणि तिची मालकी वेबसर्व्हरच्या युजरला दिली, कारण त्याला ती कॉन्फिग फाइल वाचता येते.

संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी पहिलं तिकीट पडलं. तक्रारी बघणाऱ्या ताई इतकी वर्षं वहीत नोंद करून लाल पेनाने 'कळवले' लिहायच्या. त्यांनी स्क्रीनवरून उत्तर दिलं, मी मेलवरून परत लिहिलं, आणि ते त्याच तिकिटाखाली जाऊन बसलं. "म्हणजे आता कुणाचं राहून जाणार नाही ना?" त्यांनी विचारलं. फार बरं वाटलं.

उद्या ऑटो-रिप्लाय तपासायचाय. समोरूनही तसाच आला, तर दोन सर्व्हर रात्रभर एकमेकांना मेल पाठवत बसतील.