एमजीबीला १८५ चे टायर बसवताना

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारवर रुंद टायर चढवायचे म्हटलं की पहिली काळजी मागच्या डाव्या चाकाची. या गाड्यांचा मागचा अ‍ॅक्सल बॉडीच्या बरोबर मध्यावर असतोच असं नाही, आणि बऱ्याचदा डावीकडेच जागा कमी भरते. माझी क्रोम बंपरवाली रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची. तिला १६५/८० आर १४ होते, मला १८५/७० आर १४ हवे होते. यात पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. हिशेब कागदावर सोपा आहे. जुन्या टायरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर, नव्याचा ६१५. म्हणजे स्पीडोमीटर जवळपास तोच राहतो, पाच इंची रिमही चालते. रुंदी मात्र प्रत्येक बाजूला दहा मिलिमीटरने वाढते. शिवाय १८५ लिहिलेले सगळे टायर सारखे नसतात. चौकोनी खांद्याचा टायर तेवढ्याच आकड्यात गोल खांद्याच्या टायरपेक्षा आधी घासतो, म्हणून मी गोल खांद्याचाच निवडला.

गाडी सपाट जमिनीवर उभी करून मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडला आणि रिमपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजलं. डावीकडे खरंच कमी होतं. पण उभ्या गाडीचं माप पुरेसं नाही. वळणावर बॉडी झुकते, एक चाक मडगार्डमध्ये वर शिरतं आणि लीफ स्प्रिंगवरचा (पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगवरचा) अ‍ॅक्सल थोडा आडवाही सरकतो. तीच अवस्था मुद्दाम आणली: डिकीत वाळूच्या गोण्या, डाव्या चाकाखाली जाड लाकडी ठोकळा, आणि मडगार्डच्या आतल्या ओठावर, म्हणजे आत वळलेल्या कडेवर, क्लेची पट्टी. नवं चाक लावून गाडी दाबली. पट्टी एका जागी पार चपटी झाली. नेमकं कुठे घासणार ते तिथे दिसलं.

आधी लीफ स्प्रिंगचे रबर बुश, म्हणजे तिच्या बोल्टभोवतीच्या रबरी नळ्या, बदलले. जुन्यांची भोकं लंबगोल झाली होती. अशा बुशांवर अ‍ॅक्सल हवा तसा हलतो आणि कुठल्याच मापाला अर्थ उरत नाही. नव्यांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर टेकल्यावरच पक्के केले. लटकत्या अवस्थेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

मग ओठ वळवायचं काम. तो कापून टाका असा सल्ला मिळतो, पण मी तो कधीच देणार नाही. बाहेरचा पत्रा आणि आतली कमान तिथेच स्पॉट वेल्डने जोडलेली असते. कापलं की शिवण उघडते, पाणी शिरतं, गंज धरतो. हीट गनने रंग गरम केला, म्हणजे तो तडकत नाही, आणि हबला (चाक जिथे बसतं त्या भागाला) लावलेल्या रोलरने ओठ हळूहळू आत दाबला. घाई केली तर पत्र्याला बाहेरून लाट येते. शेवटी शिवणीवर गंजरोधक लेप फिरवला.

स्पेसर, म्हणजे चाक आणि हब यांच्यामध्ये घालायच्या चकत्या, मागे लावलेच नाहीत. ते चाक बाहेर ढकलतात, म्हणजे नेमकं घासायच्या दिशेने, आणि बेअरिंगवरचा ताणही वाढवतात. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाहिलं, कुठेच स्पर्श नव्हता.

चाचणीला टायरच्या खांद्यावर खडूच्या रेघा ओढल्या, टाकी भरली, शेजारी माणूस बसवला आणि खड्ड्यांचा, वळणांचा रस्ता धरला. उजवीकडच्या रेघा जशाच्या तशा. डावीकडे एक पुसट झाली होती, म्हणून तेवढ्या भागावर रोलर पुन्हा फिरवला. त्यानंतर तीही टिकली. गाडी वळणात आता घट्ट धरून चालते. पार्किंगला स्टिअरिंग जड लागतं, ते मला मान्य आहे.