हवाईतून परतताना आंबा नेता येत नाही

होनोलुलूला उतरण्याआधी विमानात राज्याच्या कृषी खात्याचा फॉर्म वाटला गेला. बरोबर फळं, भाज्या, बिया, रोपं, माती, जनावरं काय आहे ते खरं खरं लिहायचं. भरणं कायद्याने बंधनकारक. आम्ही कॅलिफोर्नियाहून, म्हणजे अमेरिकेतूनच आलो होतो, तरीही. एक इवलासा आंधळा वाळा सोडला तर हवाईत रानात साप नाहीत, रेबीज नाही, आणि ते तसंच राहावं म्हणून ही दक्षता. ग्वाम बेटावर मालाबरोबर आलेल्या तपकिरी सापाने रानातले बहुतेक स्थानिक पक्षी संपवले. ते कळल्यावर फॉर्म भरायचा कंटाळा कोण करेल?

खरी तपासणी मात्र परतताना. चेक-इनच्या आधीच केंद्रीय कृषी खात्याचं एक्स-रे यंत्र असतं. बॅग त्यातून गेली, स्टिकर लागला, की मगच काउंटरवर जायचं. इथे रक्षण होतं ते अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या बागांचं, कारण हवाईत फळमाश्या ठाण मांडून बसल्यात. भूमध्य फळमाशी 1910 च्या सुमारास आली, ओरिएंटल फळमाशी 1945 च्या आसपास.

आमच्या पुढे एक आजी होत्या. लेकाच्या परसातले आंबे, एकेक कागदात गुंडाळलेले. तपासणी करणाऱ्या बाईंनी अननस बॅगेतच राहू दिला, भाजलेली कॉफीही, आणि आंबे तेवढे बाजूला काढले. "एकालाही डाग नाही हो," आजी म्हणाल्या. बाईंनी एक आंबा हातात फिरवला आणि शांतपणे सांगितलं, "माशी सालीखाली अंडी घालते. वरून काही कळत नाही."

माझं माहेर देवगडचं, त्यामुळे हे मला समजावून सांगावं लागलं नाही. वरून देखणा आंबा कापावा आणि कोयीजवळ अळ्या वळवळाव्यात, हे दरवर्षीचं दुःख आहे. बागेत माश्या पकडणारे रक्षक सापळे टांगले तरी शेजारच्याने पडलेली फळं उचलली नाहीत तर सगळं फुकट. 2014 साली युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला तो फळमाशीपायीच. अमेरिकेची दारं 2007 मध्ये उघडली ती आंब्यावर विकिरण, म्हणजे किरणांचा मारा केल्यावर, लासलगावच्या केंद्रात. हवाईची पपईसुद्धा विकिरण किंवा उष्ण वाफेची प्रक्रिया होऊन, सीलबंद खोक्यातूनच मुख्य भूमीवर जाते.

आजींसाठी जीव तुटला, पण बाईंचंच बरोबर होतं. कॅलिफोर्नियात 1981 मध्ये भूमध्य फळमाशीसाठी वस्तीवर हेलिकॉप्टरने मॅलेथिऑन हे कीटकनाशक फवारावं लागलं होतं. कोकणात येणाऱ्या-जाणाऱ्या कलमांची आणि मातीची इतकी कसून तपासणी व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही जाणार असाल तर आंबा, लिची, पेरू तिथेच पोटभर खा. न्यायला अननस आणि नारळ चालतात. फुलांचे बहुतेक हारही, पण त्यात लिंबू-संत्र्याच्या कुळातलं फूल किंवा पान नको.