माजघराची भिंत

आज देवगडच्या घराचं माजघर रंगवलं, मी आणि आईने. जांभ्याच्या भिंती चार महिने पाऊस पितात, म्हणून मे महिन्यातच हात घातला. ओलीवर रंग दिला की गणपतीपर्यंत पोपडे सुटतात.

दोन दिवस नुसतं खरवडणं, पॉलिश पेपर, पुट्टी, मग प्रायमर. आज आधी स्लॅब, नंतर भिंती, कारण थेंब खालीच येतात. रोलरने मान भरून आली. कोपऱ्यांना मात्र ब्रशच लागला.

खरवडताना जुन्या निळ्या रंगाखाली बाबांनी पेन्सिलीने मांडलेला चिऱ्यांचा हिशेब सापडला होता. हातभर जागा तशीच सोडलीय. आई बराच वेळ तिथे उभी होती. म्हणाली, "इथेच गणपती बसतो रे, बरं केलंस."

दुसरा हात उद्या.